पहिला पासपोर्ट, वडिलांची सही आणि नावातले एक अक्षर

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई,

मी सोळा वर्षांची असून अकरावी विज्ञान शाखेत शिकते. आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत आणि आई घरी विड्या वळते. बारावीनंतर नर्सिंग करावे आणि पुढे संधी मिळाली तर परदेशात नोकरी करावी, असे माझ्या मनात आहे. म्हणून आत्ताच पासपोर्ट काढून ठेवावा असे वाटते, पण आमच्या घरात आजवर कोणीही पासपोर्ट काढलेला नाही. वडील म्हणतात, कुठे जायचेच नाही तर पासपोर्ट कशाला, उगीच पोलीस दारात येतील आणि वसाहतीत चर्चा होईल. कागदांचाही घोळ आहे. जन्मदाखल्यावर माझे नावच नाही. माझ्या नावातला ‘व’ आधारवर इंग्रजी ‘व्ही’ने लिहिला आहे, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ने. आईचे नाव माझ्या शाळेच्या दाखल्यावर सासरचे आहे, तर तिच्या आधारवर माहेरचे. आधारवरचा माझा पत्ताही जुन्या भाड्याच्या घराचा आहे. एक एजंट पाच हजार रुपयांत सगळे जमवून देतो म्हणतो. मी काय करावे?

– एक विद्यार्थिनी, कुंभारी

सल्ला

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात मला सर्वांत आवडले ते हे की, अडचणी सांगताना तू प्रत्येक कागदावर नेमके काय लिहिले आहे ते स्वतः पाहिले आहेस. पासपोर्टचे निम्मे काम त्यातच असते. उरलेले काम तुझ्या वयाच्या मुलीने आईवडिलांना सोबत घेऊन करण्याजोगे आहे आणि त्यासाठी एजंटला पाच हजार रुपये देण्याचे काहीही कारण नाही. ३६ पानांच्या, दहा वर्षे मुदतीच्या साध्या पासपोर्टचे सरकारी शुल्क सध्या १,५०० रुपये आहे आणि ते अर्ज करतानाच ऑनलाइन भरायचे असते. एजंट जे ‘जमवून’ देणार म्हणतो, ते म्हणजे तुझ्या नावातले अक्षर आणि आईचे नाव यांची दुरुस्ती. ती तुम्ही स्वतः योग्य ठिकाणी अर्ज करूनच व्हायला हवी. अर्जात खोटी माहिती देणे हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, आणि माहिती दुसऱ्याने भरली असली तरी सही तुमची असते, हे वडिलांनाही सांग.

आधी वडिलांच्या प्रश्नाकडे वळते, कारण त्यांच्या सहीवाचून हे काम पुढे सरकणार नाही. अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर आई आणि वडील या दोघांनी संमतीचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. अनेक्शर डी या नावाने त्याचा नमुना पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर मिळतो. तो साध्या कागदावर छापून दोघांनी सह्या करायच्या. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे झाल्यापासून त्यासाठी नोटरी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे शपथ घ्यावी लागत नाही, त्यामुळे स्टॅम्पपेपर आणा असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. आई तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सही करत असेल तर तशीच करू दे. मात्र इतर कागदांवरही तिची सही तशीच असावी. एका पालकाची संमती मिळत नसेल तर दुसऱ्याने कारण देऊन भरायचा अनेक्शर सी हा वेगळा नमुनाही आहे. विभक्त झालेल्या किंवा एकट्या पालकांना त्याचा मोठा आधार आहे. पण वडील घरातच असताना आणि त्यांची शंका बोलून दूर होण्यासारखी असताना आईला पुढे करून तो मार्ग धरू नकोस, असे मला मनापासून वाटते.

पोलीस दारात येतील, ही त्यांची काळजी मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या घरात पोलीस कधी आलेले नाहीत, तिथे खाकी गणवेशातला माणूस दिसला की शेजारी काय विचारतील हा प्रश्न खराच असतो. म्हणून त्यांना आधीच सांग की तुमच्या घरात कोणाचाही पासपोर्ट नसल्यामुळे पोलीस पडताळणी होणार असे धरूनच चालायचे. पडताळणीत ही मुलगी खरोखर इथे राहते का, तिची ओळख सांगितल्याप्रमाणे आहे का आणि तिच्यावर काही गुन्हा नोंदलेला आहे का, एवढेच पाहिले जाते. कधी हवालदार घरी येतो, कधी ठाण्यात बोलावले जाते. अर्जात तुमच्या परिसरातल्या दोन ओळखीच्या व्यक्तींची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक द्यावे लागतात. ती नावे वडिलांनाच निवडू दे. शेजारचे एखादे जाणते काका आणि वसाहतीतल्या एखाद्या शिक्षिका यांना वडिलांनी स्वतः भेटून सांगितले, तर चर्चेची भीती पुष्कळशी तिथेच संपेल, कारण मग पोलीस येणार हे शेजाऱ्यांना त्यांच्याच तोंडून आधी कळलेले असेल. या पडताळणीसाठी वेगळे शुल्क नसते, हेही त्यांना माहीत असू दे.

‘कुठे जायचे नाही तर कशाला’ या प्रश्नाचे उत्तर मी वयाच्या हिशेबाने देईन. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट एरवी पाच वर्षे किंवा अठरावा वाढदिवस, यांतले जे आधी येईल तोवरच चालतो. पण पंधरा ते अठरा या वयात पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट मागण्याची मुभा आहे. कमी मुदतीच्या पासपोर्टला १,००० रुपये लागतात आणि दहा वर्षांच्या पासपोर्टला १,५००. तू सोळा वर्षांची आहेस, म्हणजे हजार रुपये भरून जेमतेम दीड-दोन वर्षे वापरता येईल असे पुस्तक घेण्यापेक्षा पाचशे रुपये जास्त देऊन दहा वर्षांचे घेणे केव्हाही शहाणपणाचे. बारावी आणि त्यानंतर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग धरले, तरी तू पदवी घेशील तेव्हा त्याची काही वर्षे शिल्लक असतील. अर्जात मुदतीचा हा पर्याय नीट पाहून निवड. आणि वडिलांना हेही स्पष्ट सांग की पासपोर्ट हाती आला म्हणजे मुलगी निघाली असे होत नाही. व्हिसा, प्रवेश, नोकरीचा करार, या सगळ्या पुढच्या आणि वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येक पायरीवर घरात पुन्हा बोलणे होणारच आहे.

आता कागदांकडे येते. इथे मात्र घाई करू नकोस.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे एकमेकांना लागून राहतात. एकच नाव शाळेत मराठी वळणाने, घरी तेलुगू उच्चाराने आणि आधार केंद्रावर संगणकासमोर बसलेल्या मुलाला सुचेल तसे लिहिले जाते. तुझ्या नावातल्या ‘व’चे असेच झाले असणार. दोन्ही स्पेलिंगे चूक नाहीत, पण पासपोर्टवर एकच राहू शकते. माझे मत असे की, दहावीच्या कागदांवरचे स्पेलिंग मूळ धरावे आणि बाकीचे सगळे त्याच्याशी जुळवावे. बारावीची गुणपत्रिका, नर्सिंगचा प्रवेश, पदवी आणि पुढे परिचारिका म्हणून होणारी नोंदणी हे सगळे दहावीच्या नावावरच चालत जाते. दहावीचे नाव मंडळाकडून बदलून घ्यायचे तर शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळापर्यंत प्रस्ताव जातो, तर आधारवरची दुरुस्ती केंद्रावर जाऊन होते. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून जाण्यापूर्वी पूर्ण नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिही, गुणपत्रिकेशी एकेक अक्षर पडताळून पाहा आणि तो कागद सोबत ने. केंद्रावरून निघण्याआधी पावतीवर छापलेले नाव त्या कागदाशी पुन्हा ताडून पाहा.

नावाच्या क्रमाचाही एक प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलांना हमखास पडतो. आपल्या शाळेच्या कागदांवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने असतात. आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव लिहायचे आणि दिलेल्या नावाच्या रकान्यात तुझे नाव व त्यापुढे वडिलांचे नाव लिहायचे. दाखल्यावरचा क्रम पाहून सगळे नाव एकाच रकान्यात किंवा उलटसुलट भरले गेले, तर पासपोर्टही तसाच छापला जातो, आणि पुढे विमानाच्या तिकिटापासून व्हिसापर्यंत प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावे लागते. वडिलांचे नाव तुझ्या आधारवर नसेल, तर आधारची दुरुस्ती करतानाच तेही घालून घे.

त्याच भेटीत आणखी दोन कामे उरकता येतील. वयाची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे छायाचित्र पुन्हा द्यावे लागते, आणि पंधरा ते सतरा या वयात ते मोफत होते. तुझे अजून झाले नसेल तर आता करून घे. दुसरे काम पत्त्याचे. पासपोर्टच्या अर्जात तू सध्या जिथे राहतेस तोच पत्ता द्यायचा असतो. पोलीस तिथेच चौकशी करतात आणि टपालही तिथेच येते. वडिलांच्या आधारवर वसाहतीतला पत्ता आलेला असेल तर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांच्या आधार कार्डावरून तुझाही पत्ता बदलता येतो. नसेल तर आधी त्यांचा बदला. जुनाच पत्ता लिहून वेळ मारून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नकोस, कारण जुन्या घरी चौकशीला गेलेल्या पोलिसाने ‘अर्जदार येथे राहत नाही’ असा शेरा मारला की प्रकरण अडकते.

आईच्या नावाची गाठ थोडी अवघड आहे आणि ती आपल्याकडे हजारो घरांत आहे. लग्नात नाव बदलले जाते, मुलांच्या दाखल्यावर सासरचे नाव लागते आणि आईचे स्वतःचे कागद मात्र माहेरच्या नावाने राहतात. पासपोर्टच्या अर्जात आईचे नाव तिच्या ओळखपत्रांवर आहे तसे द्यावे, ही सरळ वाट. पण तुझ्या दाखल्यावर दुसरे नाव असल्यामुळे अधिकारी विचारणार की या दोन्ही स्त्रिया एकच आहेत का, आणि त्याचे कागदी उत्तर तुमच्याजवळ हवे. आईवडिलांच्या विवाहाची नोंदणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र काढून पाहा. झालेली नसेल तर आता करून घेता येते. नावातल्या बदलाची सूचना महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घेण्याचीही सोय आहे आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. राजपत्राची ती प्रत हाती आली की आईचे आधार, बँकेचे खाते आणि विडी कामगार म्हणून असलेले ओळखपत्र हे सगळे एका नावावर आणता येईल. हे काम तुझ्या पासपोर्टच्या निमित्ताने होईल, पण त्याचा उपयोग आईला अधिक आहे. भविष्यनिर्वाह निधी असो की निवृत्तिवेतन, नाव जुळत नाही म्हणून कष्टाचे पैसे अडकून पडलेल्या स्त्रिया सोलापुरात कमी नाहीत. तेव्हा याला वेळ लागला तरी लागू दे.

जन्मदाखल्यावर नाव नसल्याची मात्र फार चिंता करू नकोस. जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखलाच चालेल, ही अट १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. तुझा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा आहे, म्हणून जन्मतारीख असलेला शाळा सोडल्याचा दाखला किंवा मंडळाचे प्रमाणपत्र चालू शकते. आधार कार्डाला मात्र जन्मतारखेचा पुरावा समजू नकोस. जिथे जन्माची नोंद झाली त्या कार्यालयात जाऊन दाखल्यावर नाव भरून घेता येते का, याची चौकशी सवडीने करून ठेव, कारण पुढे एखाद्या देशाच्या व्हिसासाठी जन्मदाखलाच मागितला जाऊ शकतो. पण त्यासाठी पासपोर्टचा अर्ज थांबवण्याची गरज नाही. दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र अर्जासोबत दाखवायला विसरू नकोस. त्यामुळे तू नॉन-ईसीआर वर्गात बसतेस, म्हणजे पुढे आखाती देशांसारख्या ठिकाणी नोकरीला जाताना एरवी वेगळी सरकारी परवानगी काढावी लागत नाही. परिचारिकांना मात्र २०१५ पासून अशा देशांत नोकरीला जाताना, नॉन-ईसीआर वर्गात असल्या तरी, ही परवानगी घ्यावी लागते. नर्सिंगचा विचार करणाऱ्या मुलीला हे आधीपासून माहीत असलेले बरे.

सगळे कागद एका नावावर आल्यानंतरच अर्ज भर. त्यासाठी मोबाइल क्रमांक आणि ईमेल लागेल. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ आहे ना, हे दोनदा पाहा, कारण हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळे चालवून लोकांकडून जास्त पैसे उकळले जातात आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल सावधही केले आहे. अर्जात पोलीस ठाणे निवडताना अंदाज बांधू नकोस. कुंभारी शहराला लागून असली तरी ती दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, आणि सोलापूर शहर पोलीस आयुक्तालय व सोलापूर ग्रामीण पोलीस यांच्या हद्दी वेगळ्या आहेत. जवळच्या ठाण्यात वडिलांनी एकदा जाऊन ‘आमची वसाहत कोणत्या ठाण्याकडे आहे’ एवढे विचारून यावे. आधी विचारायला ते स्वतःच गेले, तर पोलिसांविषयीचा त्यांचा संकोचही थोडा कमी होईल. तत्काळ योजनेसाठी २,००० रुपये जादा पडतात. तुला कसलीही घाई नाही, म्हणून तिकडे वळू नकोस.

या कामासाठी पुण्याला जावे लागेल, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, पण केंद्र सोलापुरात आहे, आणि त्याचा पत्ता तुझ्या भेटीच्या पावतीवर असेल. परीक्षेच्या किंवा वडिलांच्या पाळीच्या दिवसाची वेळ घेतली गेली, तर पहिल्या वेळेपासून वर्षभराच्या आत ती तीनदा बदलता येते. शक्य असेल तर आई आणि वडील दोघांनाही सोबत ने. सगळ्या मूळ कागदांबरोबर सही केलेल्या छायाप्रती घे, आणि आईवडिलांची ओळखपत्रे विसरू नकोस. छायाचित्र तिथेच काढतात आणि पार्श्वभूमी पांढरी असते, म्हणून गडद रंगाचा पोशाख घाल. बोटांचे ठसे घेतले जातात, तेव्हा त्या आठवड्यात लग्नकार्य असले तरी बोटांवर मेंदी काढू नकोस. जी सही तिथे करशील ती दहा वर्षे पासपोर्टवर राहील, म्हणून घरी सराव करून एकच सुटसुटीत सही ठरवून जा. अधिकाऱ्याने आईच्या नावाविषयी विचारले तर न घाबरता जे आहे ते सांग आणि प्रमाणपत्र पुढे कर. एखादा कागद कमी पडल्यामुळे परत यावे लागले, तरी तो नकार नसतो. तो कागद घेऊन पुन्हा जाता येते.

पडताळणीचा अहवाल गेला की पासपोर्ट छापून स्पीड पोस्टाने घरी येतो आणि पोस्टमन तो अर्जदाराच्याच हाती देतो, म्हणून त्या दिवसांत तुझ्या महाविद्यालयाच्या वेळा पोस्टमनला सांगून ठेव. पाकीट उघडल्यावर सर्वांत आधी नावातले ते अक्षर, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थान आणि आईवडिलांची नावे एकेक करून पाहा. छपाईची चूक आढळली तर लगेच कार्यालयाला कळव. माहितीच्या पानाची एक प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेव, आणि मूळ पासपोर्ट आईच्या कपाटात राहू दे. पुढे नोकरीचे आमिष दाखवून कोणीही तो ‘ठेवायला’ मागितला तर देऊ नकोस. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो जपण्याची जबाबदारी तुझी आहे.